अकरावीला वाणिज्य, व्यावसायिक अभ्यासक्रम की सरळ डिप्लोमा? (गोवा)

पारिजात_म्हापसा | सोमवार, सकाळी ९.४०

माझी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू आहे. गुण चांगले आहेत, पण नव्वदीच्या घरातले नाहीत. म्हापशात आमचे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. गेली दोन वर्षे ती संध्याकाळी गल्ल्यावर बसते आणि उधारीची जाडजूड वही तिने कोणी न सांगता स्प्रेडशीटवर चढवली आहे. तिला हिशेबही आवडतो आणि संगणकही.

आमच्यापुढे तीन वाटा आहेत. उच्च माध्यमिकात वाणिज्य शाखा घेऊन त्यात संगणकाचा विषय निवडणे, व्यावसायिक शाखेतून माहिती तंत्रज्ञान घेणे, किंवा दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकमध्ये संगणकाच्या डिप्लोमाला जाणे. यजमान वाणिज्य म्हणतात, दीर डिप्लोमाचा आग्रह धरतात आणि मुलगी विचारते, "दोन्ही एकत्र का शिकवत नाहीत?" या प्रश्नाला मला उत्तर देता आलेले नाही. ज्यांची मुले या वाटांनी गेली आहेत किंवा जे स्वतः शिकवतात, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

सव्यसाची | सोमवार, सकाळी १०.२५

ताई, मी वेर्ण्याला सॉफ्टवेअरच्या कामात चौदा वर्षे आहे आणि माझे मत स्पष्टपणे डिप्लोमाच्या बाजूने आहे. पणजी, डिचोली आणि कुडचडे या तिन्ही ठिकाणी सरकारी पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दार उघडे राहते. वाणिज्य घेतले की ते दार जवळजवळ बंद होते. हिशेब माणूस पुढे केव्हाही शिकू शकतो, पण सोळाव्या वर्षी सुटलेले गणित पंचविसाव्या वर्षी परत हाती लागत नाही. शिवाय वाणिज्य शाखेतला संगणक म्हणजे माझ्या पाहण्यात तरी टंकलेखनाच्या वर्गाची सुधारून वाढवलेली आवृत्ती असते.

ढोबळमान | सोमवार, सकाळी १०.५१

आमच्या घरची तेरीज, म्हणजे नावे आणि जमा या दोन बाजूंचा ताळा, लग्नापासून एकदाही जुळलेली नाही, त्यामुळे वाणिज्य शाखेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. वाचनखूण साठवून ठेवतो.

नावेजमा | सोमवार, दुपारी १२.१०

सव्यसाची यांच्या एका वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. "हिशेब माणूस पुढे केव्हाही शिकू शकतो" हे वाक्य मी फोंडा तालुक्यात एकतीस वर्षे अकाउंटन्सी शिकवताना शेकडो वेळा ऐकले, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्वतःचे पासबुक वाचता येत होते.

अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात मी मुलांना बँकेचे पासबुक आणायला सांगत असे. पैसे भरले की पासबुकात ती रक्कम 'क्रेडिट'च्या रकान्यात दिसते. पुस्तकात मात्र लिहिलेले असते की बँकेत पैसे भरले की बँक खाते 'डेबिट' करावे. मुले गोंधळतात, काही पुस्तकालाच चुकीचे ठरवतात. मग सांगावे लागते की पासबुक तुमचे नाही, ती बँकेच्या खतावणीतली, म्हणजे खातेवहीतली, तुमच्या खात्याची नक्कल आहे, आणि बँक तुमचे पैसे देणे लागते म्हणून तिच्या वहीत तुम्ही जमेकडे, म्हणजे क्रेडिटला, आहात. तुमच्या स्वतःच्या वहीत बँक तुमचे देणे लागते, म्हणून ती नावे, म्हणजे डेबिटला, पडते. एकच व्यवहार दोन वह्यांत आरशासारखा उलटा दिसतो, एवढे ज्याला कळले त्याला अर्धी अकाउंटन्सी आली. ज्यांची प्राथमिक शाळा मराठीतून झाली होती, त्यांना मी 'नावे' आणि 'जमा' हे शब्द आधी देत असे आणि इंग्रजी शब्द नंतर. ती मुले लवकर सावरत.

दुहेरी नोंदीची ही पद्धत लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडली, आणि आज टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकताना यंत्राच्या पोटात चालते ती तीच पद्धत आहे. यंत्र बदलले, हिशेबाचा तर्क बदलला नाही. म्हणून मी सांगेन की आधी वाणिज्य, आणि संगणक त्याच्या जोडीने.

सत्तरीकर | सोमवार, दुपारी ३.०५

मी व्यावसायिक शाखेविषयी लिहितो, कारण माझा मुलगा तिथून गेला आहे.

आमचे दोन ट्रक खाणीवर चालत असत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. पुढे काही काळ काम पुन्हा सुरू झाले, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि आमची उरलीसुरली आशाही संपली. मुलगा त्याच सुमारास दहावी झाला. लवकर हाताला काम मिळावे म्हणून त्याला संगणकाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला घातले.

वाईट भाग आधी सांगतो. प्रयोगशाळेत वीस संगणक मांडलेले होते आणि त्यांतले अकरा चालत होते. शिक्षक कंत्राटी होते, ते जुलैमध्ये दुसरीकडे गेले आणि त्यांची जागा ऑक्टोबरपर्यंत रिकामी राहिली. या तीन महिन्यांत मुलांनी प्रात्यक्षिकाच्या तासाला पुस्तकातले पडद्यांचे फोटो पाहून वहीत कृती उतरवून काढल्या. फाईल कशी साठवावी याच्या सात पायऱ्या त्याने सुंदर अक्षरात लिहिलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तक्रार अर्ज केला, त्याची पोच मिळाली, आणि प्रकरण तिथेच थांबले.

चांगला भाग असा की बारावीत त्याला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी एका काजू कारखान्यात पाठवले. तिथे बियांची आवक, भाजणी, सोललेला गर आणि प्रतवारी यांचा साठा रोज संगणकावर चढवायचा होता. शंभर किलो कच्च्या बीतून साधारण चौथ्या हिश्श्याइतकाच गर निघतो हे त्याला घरच्या बागेमुळे माहीत होते. एके दिवशी आकडा फारच जास्त आला तेव्हा त्याने नोंद थांबवून वजनकाट्याची चिठ्ठी मागितली, आणि एक पोते दोनदा चढले असल्याचे निघाले. मालकाने त्याला सुट्टीतही बोलावले. पुढे बारावीच्या व्यावसायिक गुणांवर त्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की शाखेचे नाव पाहू नका. शिक्षक कायम आहे का आणि किती यंत्रे चालतात, हे आधी पाहा.

ढोबळमान | सोमवार, दुपारी ३.२२

सात पायऱ्यांची ती वही जपून ठेवावी. वीज गेल्यावर तीच उपयोगी पडेल.

केरी_ते_काणकोण | सोमवार, सायंकाळी ५.४०

सत्तरीकर यांनी लिहिले ते मी अनेक शाळांत जवळून पाहिले आहे, कारण माझे काम शिक्षक-प्रशिक्षणाचे आहे. थोडी पार्श्वभूमी देतो.

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे ज्याला सगळे एनएसक्यूएफ म्हणतात, तो डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. त्याखाली माध्यमिक शाळेत नववीपासून माहिती तंत्रज्ञान, रिटेल, पर्यटन असे विषय घेता येतात. माहिती तंत्रज्ञानाच्या नववी-दहावीच्या अभ्यासक्रमाचे घोषित उद्दिष्ट 'डोमेस्टिक डेटा एंट्री ऑपरेटर' ही भूमिका होती. भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने या भूमिकेसाठी पाठ्यपुस्तके तयार केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय व्हावा, असे लक्ष्य लिहिलेले आहे. आपल्याकडे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची केअर्स योजनाही आहे.

अडचण कुठे होते ते पाहा. मूल आठवीपर्यंत ठोकळे जोडून छोटा प्रोग्रॅम चालवायला शिकते, आणि नववीत त्याला आकडे भरणारा कारकून होण्याची तयारी करायला सांगितले जाते. या दोन टप्प्यांना जोडणारा दुवा कोणी विचारपूर्वक घडवलेला मला दिसत नाही. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) अकरावी-बारावीला इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस नावाचा विषय आहे. त्यात पायथन आणि डेटाबेसची एसक्यूएल भाषा शिकवतात आणि वाणिज्याची मुलेही तो घेऊ शकतात. पारिजातताईंच्या मुलीने विचारलेल्या "दोन्ही एकत्र" या कल्पनेच्या तो बराच जवळ जातो, मात्र त्यासाठी मंडळ बदलावे लागेल आणि तो विषय चालवणारी शाळा जवळ असावी लागेल.

मांडवीकाठ | सोमवार, सायंकाळी ६.१५

थोडे अवांतर होते आहे, क्षमस्व. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले, त्या पिढीतली मी आहे. आमच्या घरी आलेल्या संगणकावर आजीने विणलेले कापड पांघरले होते आणि वर्षभर तो प्रामुख्याने चतुर्थीला पाहुण्यांना दाखवण्याच्या कामी आला. यंत्र घरात आले म्हणून शिक्षण होत नाही, हे सत्तरीकरांच्या अकरा संगणकांपेक्षा आमच्या एका संगणकाने आधी सिद्ध केले होते.

अर्धविराम | सोमवार, रात्री ९.३०

मी सीएच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणात, आहे. बारावी वाणिज्य शाखेतून, गणित न घेता केली, आणि त्याची किंमत मोजली. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकी यांचा असतो. बारावीला गणित असण्याची सक्ती नाही, त्यामुळे कोणी अडवत नाही, पण पहिल्या प्रयत्नात मी नेमका तिथेच आपटलो. म्हणून वाणिज्य घ्यायचेच असेल तर गणित सोडू नये. सव्यसाची यांचा तेवढा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

आता रोजचे काम काय असते ते सांगतो, म्हणजे हिशेब आणि संगणक वेगळे का करता येत नाहीत ते दिसेल. व्यापाऱ्याच्या खरेदीच्या नोंदवहीचा जीएसटी पोर्टलवरून उतरवलेल्या जीएसटीआर-२बी या विवरणाशी मेळ घालावा लागतो, कारण पुरवठादाराने आपले बिल तिथे चढवले नसेल तर व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मागच्या महिन्यात एका ग्राहकाच्या नऊशे ओळी जुळवायच्या होत्या आणि पहिल्या फेरीत दोनशेच्या वर ओळी जुळल्याच नाहीत. वरिष्ठ म्हणाले, पुरवठादारांना फोन लावा. मी बसून पाहिले तेव्हा लक्षात आले की पुरवठादाराचा बिल क्रमांक '००१२३' असा होता आणि स्प्रेडशीटने त्याला संख्या समजून पुढची शून्ये उडवून '१२३' केले होते. काही ओळींत ५ जूनचे ६ मे झाले होते, कारण यंत्र तारीख अमेरिकी पद्धतीने वाचत होते. रकाना मजकूर म्हणून पुन्हा आणला, तारखा दुरुस्त केल्या, आणि खरोखर न जुळणारी बिले उरली सतरा.

केवळ हिशेब येणाऱ्याने दोनशे फोन केले असते. केवळ संगणक येणाऱ्याला त्या सतरा बिलांचे महत्त्व कळले नसते.

आणखी एक. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हाचे ५, १२, १८ आणि २८ टक्के हे मुख्य दर आम्ही पाठ केले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ या दोनच दरांत आल्या. दर पाठ करून मिळवलेले गुण त्या दिवशी निरुपयोगी झाले. दर बदलल्यावर सॉफ्टवेअरमध्ये तो कोणत्या तारखेपासून लागू करायचा आणि जुन्या बिलावर माल परत आला तर कोणता दर धरायचा, हे समजणाऱ्यांना मात्र त्या आठवड्यात जेवायला सवड नव्हती.

सव्यसाची | सोमवार, रात्री १०.१२

अर्धविराम, आपला प्रतिसाद वाचून माझे 'टंकलेखन' हे विधान मी मागे घेतो. उडालेल्या शून्यांचा हा प्रकार आमच्याकडे अनुभवी मंडळींनाही छळतो, आणि एखाद्या व्यवसायाचा हिशेब समजणारा प्रोग्रॅमर शोधताना आमच्या नाकी नऊ येतात. तरीही ज्या मुलीला खरोखर सॉफ्टवेअर घडवायचे आहे तिच्यासाठी डिप्लोमा हाच पाया भक्कम आहे, या मतावर मी ठाम आहे. आकडे नुसते भरण्याचे काम यंत्र झपाट्याने आपल्याकडे घेत आहे. बिलाचा फोटो काढला की त्यातली रक्कम आपोआप वाचली जाते. 'डेटा एंट्री ऑपरेटर' हे उद्दिष्ट ठेवून दोन वर्षे घालवणे मला आता धोक्याचे वाटते.

नावेजमा | मंगळवार, सकाळी ८.०५

यंत्र रक्कम वाचते हे खरे, पण वाचलेली रक्कम बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? त्यावरून निवृत्तीपूर्वीच्या वर्षातला एक प्रयोग सांगतो.

बारावीच्या माझ्या वर्गात एका मुलीच्या घरचा खाज्यांचा धंदा होता. जत्रांचा हंगाम सुरू झाला की आईवडील गावोगावच्या जत्रेत दुकान मांडत. त्यांच्या परवानगीने मी पाच विद्यार्थ्यांना एका जत्रेच्या तीन रात्रींचा हिशेब ठेवायला बसवले. बेसन, गूळ, आले, तीळ, तेल, जळण, जागेचे भाडे आणि टेम्पोचे भाडे असे सगळे आधी हाताने रोजकीर्दीत (रोजच्या नोंदवहीत) लिहायचे, तिथून खतावणीत न्यायचे, तेरीज काढायची, आणि मग तेच टॅलीत चढवायचे असा नियम होता.

तिसऱ्या दिवशी तेरीज पैशाला पैसा जुळली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारले, "विकलेली खाजी आणि उरलेली खाजी मिळून तळलेल्या खाज्यांइतकी होतात का?" वजन करून पाहिले तर अडीच किलो कमी भरली. चोरी वगैरे काही नव्हती. गर्दीच्या वेळी दुकानाचा क्यूआर कोड दिव्याच्या उजेडात नीट वाचला जात नव्हता, म्हणून मुलीच्या भावाने काही गिऱ्हाइकांचे पैसे स्वतःच्या मोबाइलवर घेतले होते आणि ते सांगायचे विसरला होता. जो व्यवहार वहीत आलाच नाही तो दोन्ही बाजूंना नाही, म्हणून तेरीज जुळते. नोंद गाळण्याची चूक तेरजेत दिसत नाही, हे वाक्य मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले, पण त्या पाच मुलांना ते खाज्यांच्या तराजूवर समजले. टॅलीनेही काही तक्रार केली नव्हती, हे सव्यसाचींनी लक्षात घ्यावे.

जाता जाता जुन्या मुनिमांची एक युक्ती सांगतो, कारण पुस्तकात ती क्वचितच असते. दोन बेरजांमधल्या फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले गेल्याचा दाट संशय घ्यावा. ५४० च्या जागी ४५० लिहिले तर फरक ९० येतो.

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ८.४०

सर, हा प्रतिसाद माझ्या अकरावीत यायला हवा होता. नऊची युक्ती आत्ताच आमच्या सोसायटीच्या देखभाल निधीवर वापरून पाहिली. फरकाला नऊने भाग गेला नाही, त्यामुळे खजिनदारांवरचा संशय कायम आहे.

केरी_ते_काणकोण | मंगळवार, सकाळी ११.२०

नावेजमा सरांनी सांगितले तसे प्रकल्प जिथे होतात तिथे शाखा कोणतीही असो, मुले टिकतात. पारिजातताई, आपण शाळेत चौकशीला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून चार गोष्टी विचारा. आठवड्याला प्रत्यक्ष यंत्रावर किती तास मिळतात, एका यंत्रावर किती मुले बसतात, विषयाचे शिक्षक किती वर्षे तिथे आहेत, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेला एखादा प्रकल्प पाहायला मिळेल का. शेवटच्या प्रश्नावर कपाट उघडतात की विषय बदलतात, त्यावरून बरेच कळते.

पारिजात_म्हापसा | शुक्रवार, सायंकाळी ७.१५

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिता आले नाही, कारण मुलीला घेऊन दोन उच्च माध्यमिक विद्यालये आणि एक पॉलिटेक्निक पाहून आले. काय दिसले ते लिहिते, म्हणजे आमच्यासारख्या इतरांना उपयोग होईल.

पहिल्या विद्यालयाची इमारत देखणी होती, पण प्रकल्प दाखवा म्हटल्यावर प्राचार्यांनी आम्हाला क्रीडा विभागातले चषक दाखवले. संगणक कक्षाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते त्या दिवशी रजेवर होते. पॉलिटेक्निक मुलीला आवडले, तिथल्या प्रयोगशाळेत ती बराच वेळ रेंगाळली. पण अभ्यासक्रमाची यादी वाचून ती परतताना बसमध्ये म्हणाली, "यात उधारी कुठेच नाही." दीर सोबत होते, त्यांनाही हसू आले.

दुसरे विद्यालय लहान आहे. चौदा यंत्रे आहेत, चौदाही चालू होती, आणि दोन मुलांमागे एक यंत्र मिळते. अकाउंटन्सीच्या बाई आणि संगणकाचे सर एकाच खोलीत बसतात आणि बारावीचा प्रकल्प दोघे मिळून तपासतात. त्यांनी कपाट उघडले. आत एका मुलाने गावातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावांचा महिनाभराचा हिशेब मांडलेली वही होती, कोणत्या घरी किती पाव आणि कोणाकडे किती बाकी. मुलगी ती वही उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचून गेली.

आम्ही तिथे वाणिज्य शाखा घेतली आहे, संगणकाच्या विषयासह, आणि अर्धविराम यांच्या सांगण्यावरून गणितही ठेवले आहे. सव्यसाची यांचा मुद्दा घरात सविस्तर बोललो. अभियांत्रिकीचे दार बंद होते हे मुलीला समजावून सांगितले आणि तिने ते समजून घेऊनच होकार दिला. बारावीनंतर बीसीए या संगणकाच्या पदवीचा विचार आहे.

नावेजमा सर, एक गोष्ट खास आपल्यासाठी. काल रात्री तिने स्प्रेडशीट आणि जुनी वही यांची बेरीज ताडून पाहिली तर २७० रुपयांचा फरक निघाला. नऊने भाग जातो म्हणून उलट्या आकड्यांचा शोध घेतला आणि अर्ध्या तासात सापडले. एका गवंड्याच्या नावावर ६३० च्या जागी ३६० पडले होते.

नावेजमा | शुक्रवार, रात्री ८.०२

शाब्बास! चूक चढवताना झाली होती की मूळ वहीतच होती?

पारिजात_म्हापसा | शुक्रवार, रात्री ८.१०

मूळ वहीत, यजमानांच्या अक्षरात. ते म्हणतात, त्या दिवशी दुकानात फार गर्दी होती.

ढोबळमान | शुक्रवार, रात्री ८.१४

गवंडी मात्र इतके दिवस गप्प होता, याची नोंद कोणत्या खात्यात करायची?